हलक्या गाडीला कडक स्प्रिंग कशाला?

छत्रपती संभाजीनगराहून पैठणला जाताना वाटेत बिडकीन लागते. या भागातली जमीन काळी. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. अशा मातीवर बांधलेला डांबरी रस्ता दिसायला गुळगुळीत असला, तरी काही वर्षांत त्याला लांबलांब लाटा येऊ शकतात. त्यात खड्ड्यांची आणि गतिरोधकांची भर पडते. अशा रस्त्यावरून विटा पोहोचवून परत येणारा रिकामा टेम्पो तुम्ही कधी नीट पाहिला आहे का? भरलेला असताना तो संथपणे डुलत जातो. रिकामा झाला, की तोच टेम्पो प्रत्येक खड्ड्याला उडतो. मागची चाके तर कधीकधी क्षणभर रस्ताच सोडतात. टेम्पो तोच, रस्ता तोच आणि स्प्रिंगाही त्याच. मग बदलले काय? बदलले ते फक्त वजन.

हे निरीक्षण लक्षात ठेवा, कारण आजचा आपला प्रश्न त्याच्याशी जोडलेला आहे. समजा, एखाद्या हौशी माणसाने दोन आसनांची, उघड्या टपाची, वजनाने अगदी हलकी अशी जुनी स्पोर्ट्‌स गाडी विकत घेतली. गाडी वळणावर कलते आणि खड्ड्यात आदळते. कोणी त्याला सल्ला देतो, "स्प्रिंगा कडक टाका, गाडी थोडी खाली बसवा, मग बघा कशी रस्त्याला चिकटून पळते!" हा सल्ला बरोबर आहे का? अंदाजाने उत्तर देऊ नका. शाळेत शिकलेले पदार्थविज्ञान आणि थोडासा गुणाकार-भागाकार एवढ्यावर आपल्याला हे उत्तर काढता येते.

आपल्या जिल्ह्यातल्या मुलांना हा प्रश्न परका वाटू नये. वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत दुचाकी वाहने आणि त्यांचे शॉकअप तयार होतात. शेंद्र्याला मोटारी तयार होतात. खुद्द बिडकीनला मोठे औद्योगिक क्षेत्र उभे राहत आहे. आज नववी-दहावीत असलेल्यांपैकी कित्येक जण उद्या अशा कारखान्यांत काम करतील.

सस्पेन्शनचे खरे काम

गाडीचा सांगाडा आणि चाके यांच्यामध्ये स्प्रिंगा, शॉकअप आणि त्यांना जागेवर धरणारे दांडे असतात. या सगळ्या जुळणीला सस्पेन्शन म्हणतात. पुस्तकात त्याला 'निलंबन' असा शब्द आहे. सस्पेन्शन म्हणजे बसणाऱ्याला गचके बसू नयेत म्हणून केलेली सोय, असे पुष्कळांना वाटते. ते खरे आहे, पण अर्धेच.

मोटारीचा प्रत्येक टायर रस्त्याला टेकतो तो साधारण तळहाताएवढ्या जागेत. ब्रेक लावणे, वळणे, वेग वाढवणे ही तिन्ही कामे त्या चार तळहातांएवढ्या जागेतील घर्षणावर होतात. घर्षण हे दाबावर अवलंबून असते, हे तुम्ही शिकला आहात. चाक रस्त्यावरून उडाले तर दाब शून्य आणि घर्षणही शून्य. त्या क्षणी ब्रेक कितीही चांगले असले, तरी चाक नुसते हवेत थांबेल. गाडी थांबणार नाही. म्हणून सस्पेन्शनचे पहिले काम आहे चाक रस्त्यावर टेकवून ठेवणे. आराम हा त्यातून मिळणारा दुसरा लाभ. सस्पेन्शनमध्ये केलेला कोणताही बदल याच कसोटीवर घासून पाहिला पाहिजे.

हूकचा नियम आणि एक सोपे सूत्र

रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने १६७८ मध्ये स्प्रिंगचा नियम प्रसिद्ध केला. स्प्रिंगवर जितके जास्त वजन ठेवावे, तितक्या प्रमाणात ती जास्त दबते. दहा किलोग्रॅमने एक सेंटीमीटर दबली, तर वीस किलोग्रॅमने दोन सेंटीमीटर. एक सेंटीमीटर दाबायला लागणारे वजन म्हणजे त्या स्प्रिंगचा कडकपणा. (काटेकोरपणे बोलायचे तर येथे किलोग्रॅम-भार म्हणायला हवे. हिशेब सोपा व्हावा म्हणून आपण नुसते किलो म्हणू.)

स्प्रिंगवर वजन ठेवून ते थोडे दाबून सोडले, तर ते वरखाली झोके घेते. दर सेकंदाला किती झोके होतात, ती संख्या म्हणजे वारंवारता. गाडी उभी असताना तिच्या वजनाने स्प्रिंग जितके सेंटीमीटर दबलेली असते, त्याला आपण 'दब' म्हणू. मग सूत्र असे येते:

वारंवारता = ५ ÷ √दब

दब २५ सेंटीमीटर असेल तर सेकंदाला एक झोका, सव्वासहा सेंटीमीटर असेल तर दोन झोके. या सूत्रात ना गाडीचे वजन वेगळे येते, ना स्प्रिंगचा कडकपणा. येतो तो दोघांचा भागाकार, म्हणजे दब. स्प्रिंग 'कडक' आहे की 'मऊ', हे तिच्याकडे एकटीकडे पाहून सांगता येत नाही. ती कोणत्या वजनाखाली बसवली आहे, हे आधी विचारावे लागते. रिकाम्या टेम्पोचे कोडे येथे सुटते. भरलेल्या गाडीला योग्य असणारी स्प्रिंग रिकाम्या गाडीला फार कडक ठरते. वाढीव माल भरता यावा म्हणून जादा पाटा घातलेला टेम्पो तर रिकामा असताना आणखीच उडतो.

नेहमीच्या प्रवासी मोटारीची वारंवारता साधारण १ ते १.५ असते. रस्त्यावर चालवायच्या स्पोर्ट्‌स गाड्यांची १.५ ते २ च्या आसपास. केवळ शर्यतीच्या गाड्यांची ३ किंवा त्याहूनही जास्त असू शकते. पण त्या गुळगुळीत, निगा राखलेल्या मार्गावर धावतात.

दोन गाड्यांचा हिशेब

आता दोन गाड्या घेऊ. पहिली आपली हलकी स्पोर्ट्‌स गाडी. तिच्या चार स्प्रिंगांवर मिळून ६०० किलो, म्हणजे प्रत्येकीवर १५० किलो वजन आहे. दुसरी एक जड गाडी. तिच्या प्रत्येक स्प्रिंगवर ४०० किलो. दोघींची वारंवारता १.५ हवी आहे. सूत्रावरून दब सुमारे ११ सेंटीमीटर येतो. म्हणून हलक्या गाडीला सेंटीमीटरला साडेतेरा किलो कडकपणाची स्प्रिंग हवी आणि जड गाडीला ३६ किलोची.

समजा, जड गाडीची स्प्रिंग उचलून हलक्या गाडीला बसवली. आता दब १५० ÷ ३६, म्हणजे सव्वाचार सेंटीमीटरपेक्षाही थोडा कमी. वारंवारता जवळजवळ २.५. गाडी आता गचके देत चालेल. पण त्याहून वाईट असे, की खड्ड्याच्या काठावरून चाक खाली उतरायला गेले, की स्प्रिंग जेमतेम चार सेंटीमीटर उलगडून संपते. पुढे चाकाला खाली ढकलणारे काही राहत नाही. मऊ स्प्रिंगजवळ अकरा सेंटीमीटरचा साठा होता. तो आपण स्वतःच्या हाताने कमी केला.

हलक्या गाडीची आणखी एक अडचण आहे. दोन माणसे आणि थोडे सामान मिळून १८० किलो धरले, तर ६०० किलोंच्या मानाने ही वाढ शेकडा ३० आहे. हलकी गाडी त्याने ३.३ सेंटीमीटर खाली बसते. जड गाडीला तीच वाढ शेकडा ११ पडते आणि ती सव्वा सेंटीमीटरच खाली बसते. म्हणून हलक्या गाडीची स्प्रिंग निवडताना प्रथम विचारावे, की गाडीत बहुतेक वेळा किती जण बसणार? नुसते 'जास्त कडक' मागणारा हा प्रश्न विचारतच नाही.

कडक स्प्रिंगने रस्त्याच्या लाटांपासून सुटका होते, असेही समजू नका. लाटेची लांबी १० मीटर आणि गाडीचा वेग तासाला ५४ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १५ मीटर असेल, तर गाडीला सेकंदाला दीड धक्का बसतो. गाडीची वारंवारताही दीड असेल, तर झोपाळ्याला वेळेवर रेटा द्यावा तसे होऊन हेलकावे वाढत जातात. यालाच अनुनाद म्हणतात. वारंवारता अडीच केली तर अनुनाद नाहीसा होत नाही. तो तासाला ९० किलोमीटरच्या आसपास जातो. तेथे धोका जास्तच.

झोका थांबवणारा शॉकअप

स्प्रिंग ऊर्जा साठवते आणि परत देते. ती नष्ट करत नाही. नुसत्या स्प्रिंगांवर गाडी ठेवली, तर एका खड्ड्यानंतर ती कितीतरी वेळ डुलत राहील. हे डुलणे थांबवायला शॉकअप असतो. त्याच्या नळीत तेल असते आणि बारीक छिद्रांचा दट्ट्या त्यातून सरकतो. तेल छिद्रांतून जोराने जाताना गतीची ऊर्जा उष्णतेत बदलते. खराब रस्त्यावरून बराच वेळ गाडी चालवल्यावर शॉकअप गरम लागतो, तो त्यामुळेच.

मुंबईच्या कुर्ला भागातील कारखान्यात तयार झालेली प्रीमियर पद्मिनी तुम्ही निदान चित्रात तरी पाहिली असेल. काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपात ती २०२३ पर्यंत मुंबईच्या रस्त्यांवर होती. तिच्या पुढच्या चाकांना वेटोळ्यांच्या स्प्रिंगा होत्या आणि मागे पाटे होते. पाटे एकमेकांवर घासतात, त्यामुळे थोडा झोका त्यांच्या घर्षणानेच मरतो. पण गंज, धूळ आणि वंगण यांप्रमाणे हे घर्षण बदलते, म्हणून त्यावर विसंबता येत नाही. वेटोळ्याच्या स्प्रिंगेत तर असे घर्षण जवळपास नसतेच. तेथे सगळा भार शॉकअपवर.

शॉकअप स्प्रिंगला साजेसा लागतो. वर आपण स्प्रिंग सुमारे २.७ पट कडक केली. गाडी तितक्याच झोक्यांत शांत व्हायची, तर शॉकअपचा रोधही २.७ च्या वर्गमुळाइतका, म्हणजे सुमारे १.६ पट वाढवायला हवा. स्प्रिंग बदलली आणि शॉकअप जुनाच ठेवला, तर गाडी पूर्वीपेक्षा जास्त उसळते. मालक म्हणतो, "स्प्रिंग अजून मऊच आहे", आणि आणखी कडक स्प्रिंग आणतो! दोष मात्र दुसरीकडेच असतो.

दुचाकीच्या मागच्या शॉकअपजवळ खाचा असलेली एक कडी असते. ती फिरवली की शॉकअप कडक होतो, असे सर्रास म्हणतात. खरे पाहता साध्या स्प्रिंगचा कडकपणा त्याने बदलत नाही. ती आधीच थोडी दाबून ठेवली जाते आणि त्यामुळे गाडी उंच उभी राहते, एवढेच. मागे कोणी बसले, की खाली गेलेली गाडी पुन्हा योग्य उंचीवर आणायला ही कडी असते.

चाकाचे ओझे आणि गाडीची उंची

गाडीचे वजन दोन भागांत मोजतात. सांगाडा, इंजिन, माणसे हे स्प्रिंगवरचे वजन. चाक, टायर, ब्रेक हे स्प्रिंगखालचे वजन. हलक्या गाडीच्या एका चाकाकडे स्प्रिंगखाली ३० किलो आणि वर १५० किलो असेल, तर प्रमाण एकास पाच. जड गाडीत ४० आणि ४००, म्हणजे एकास दहा. खड्ड्यात उसळलेले चाक हलक्या गाडीला जास्त हादरवते, ते या प्रमाणामुळे. म्हणून दिसायला छान अशी मोठी, जड चाके बसवणे हलक्या गाडीला जास्त बाधते. चाक दोन-तीन किलोंनी हलके झाले, तर तो बदल मात्र खरोखर उपयोगी.

गाडी खाली बसवावी का? गुरुत्वमध्य खाली आला की वळणावर बाहेरच्या चाकांकडे जाणारा भार कमी होतो, हे खरे. पण किती? चालकासह ८०० किलोंची गाडी, गुरुत्वमध्य जमिनीपासून ५० सेंटीमीटर, डाव्या-उजव्या चाकांतील अंतर १२५ सेंटीमीटर धरा. वळणावरचे त्वरण गुरुत्वत्वरणाच्या निम्मे असेल, तर १६० किलो भार आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर जातो. गाडी तीन सेंटीमीटर खाली आणली तर तो १५० किलो होतो. फायदा दहा किलोंचा. तोटा कोणता? चाकाला वर जायला आठ सेंटीमीटर जागा असेल, तर आता पाचच उरली. ती संपली की सांगाडा रबरी ठोकळ्यावर आदळतो, आणि त्या क्षणी कोणतीही स्प्रिंग दगडासारखी कडक होते. आपल्याकडे भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकाप्रमाणे बांधलेला गोलाकार गतिरोधकसुद्धा १० सेंटीमीटर उंच असतो. गावोगावी तर मानक न पाळता बांधलेले उभे गतिरोधक भेटतात. अशा रस्त्यावर हा सौदा तोट्याचा आहे.

वळणावरचे कलणे कमी करायला दुसरा उपाय आहे. डाव्या आणि उजव्या चाकांना जोडणारी एक आडवी पोलादी दांडी बसवतात. दोन्ही चाके एकदम वर गेली तर ती नुसती फिरते, विरोध करत नाही. गाडी एका बाजूला कलली की मात्र तिला पीळ बसतो आणि ती कलण्याला विरोध करते. म्हणजे सरळ रस्त्यावर स्प्रिंग मऊच राहते आणि वळणावर आधार मिळतो. मर्यादा एकच: दांडी फार जाड घेतली, तर एका बाजूचा खड्डा दुसऱ्या चाकालाही जाणवतो.

पुढच्या-मागच्या स्प्रिंगांचाही मेळ हवा. ताशी ५४ किलोमीटर वेगाने जाताना मागचे चाक त्याच उंचवट्यावर सुमारे एक सप्तमांश सेकंद उशिरा येते. दोन्हीकडची वारंवारता सारखी असेल, तर पुढचा भाग खाली येत असताना मागचा वर जातो आणि गाडी नाक-शेपूट झुलू लागते. मागची वारंवारता पुढच्यापेक्षा थोडी जास्त ठेवली, तर मागचा झोका पुढच्याला गाठतो आणि गाडी सपाट राहते. मॉरिस ऑली या अभियंत्याने अमेरिकेत १९३० नंतरच्या दशकात प्रयोग करून ही गोष्ट दाखवून दिली.

कोणी म्हणेल, मऊ स्प्रिंगांची स्पोर्ट्‌स गाडी कोणी केली आहे का? केली आहे. कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीने १९६२ मध्ये इंग्लंडमध्ये 'एलान' ही दोन आसनी गाडी आणली. काचतंतूंचे कवच असलेल्या या गाडीचे वजन ७०० किलोंहूनही कमी होते. तिच्या स्प्रिंगा मऊ, चाकांना वरखाली होण्यास जागा भरपूर आणि शॉकअप त्यांना साजेसे नेमके. वळणावर उत्तम चालणारी गाडी म्हणून तिचे नाव आजही घेतात.

निवड कोणत्या क्रमाने करावी?

आता आपल्या हौशी मालकाला उत्तर देऊ.

१. प्रथम दुरुस्ती. जुन्या गाडीतील रबरी बुश झिजलेले असतात, सांधे सैल असतात, चाकांची दिशा बिघडलेली असते. हे सारे मूळ मापात आणावे. पुष्कळदा तक्रार येथेच संपते.

२. मग टायर. रबर जुने होऊन टणक झाले असेल तर बदलावे आणि ठरवून दिलेला हवेचा दाब ठेवावा. टायरसुद्धा एक स्प्रिंगच आहे.

३. मग शॉकअप. मडगार्ड हाताने दाबून सोडा. गाडी एकदा वर येऊन फार तर आणखी एकदा हलून थांबली पाहिजे. डुलत राहिली, तर जोडीने शॉकअप बदलावे. एकच बदलू नये.

४. एवढे झाल्यावरही गरज वाटली, तर वळणासाठी थोडी जाड दांडी.

५. सर्वांत शेवटी स्प्रिंग. तीही शेकडा दहा-पंधराच कडक, आणि शॉकअपशी मेळ घालून.

एका वेळी एकच बदल करावा, त्याच रस्त्यावरून त्याच वेगाने गाडी चालवून पाहावी आणि वहीत नोंद करावी. तीन बदल एकदम केले तर गुण कोणाचा आणि दोष कोणाचा, हे कळत नाही. प्रयोगशाळेतला हा नियम गॅरेजमध्येही लागू आहे. काढलेले मूळ भाग जपून ठेवावेत. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतील तपशिलांशी न जुळणारा फेरफार करता येत नाही. शिवाय २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाडीची 'व्हिंटेज' म्हणून नोंदणी करायची, तर ती मूळ स्वरूपात राखलेली असावी लागते.

करून पाहा

वेटोळ्यांमध्ये फट दिसेल अशी एक हलकी, लांब ताणणारी स्प्रिंग खिळ्याला टांगा. तिला वजन अडकवा आणि ती किती सेंटीमीटर ताणली ते मोजा. वजन थोडे खाली ओढून सोडा आणि २० झोक्यांचा वेळ घ्या. ताण ९ सेंटीमीटर असेल, तर सुमारे १२ सेकंद लागतील. १६ सेंटीमीटर असेल, तर १६ सेकंद. आपल्या सूत्राशी ताडून पाहा. थोडा फरक पडला, तर तो स्प्रिंगच्या स्वतःच्या वजनामुळे असू शकेल का, याची वर्गात चर्चा करा.

आता तेच वजन पाण्याच्या डब्यात बुडवून झोका द्या. मग पाण्याऐवजी गोडे तेल घ्या. झोका किती वेळात थांबतो? हाच तुमचा शॉकअप. वजन हलके करून त्याच तेलात पुन्हा प्रयोग करा आणि काय फरक पडतो ते लिहून ठेवा.

शेवटी एक उदाहरण. रस्त्यावरच्या लाटांची लांबी ८ मीटर आहे. गाडीचा दब १६ सेंटीमीटर आहे. कोणत्या वेगाला गाडी सर्वांत जास्त हेलकावेल? (उत्तर: तासाला ३६ किलोमीटर.) उत्तर जुळले, तर पुढच्या वेळी बसमधून जाताना बस कोणत्या वेगाला जास्त डुलते ते पाहा आणि त्यावरून रस्त्याच्या लाटेची लांबी काढून बघा. मागच्या बाकावर बसलात तर फरक जास्त चांगला कळेल.